चावी बंद असतानाही बॅटरी कोण खाते?

जुनी डिझेल पिकअप संध्याकाळी धडधाकट उभी केली आणि पहाटे बाजाराला माल न्यायच्या वेळी सेल्फ मारल्यावर नुसते ‘टक्’ वाजले, की निष्कर्ष ठरलेला असतो: बॅटरी गेली, नवी टाका. नवी बॅटरी काही दिवस तग धरते आणि मग तीही बसू लागते. त्यानंतर कोणी बंपरला लिंबू-मिरची बांधतो, तर कोणी बॅटरी विकणाऱ्याला बोल लावतो. गाडी उभी असताना बॅटरीतून किती करंट बाहेर जातो आहे, हे मोजण्याचा साधा उपाय मात्र सहसा शेवटपर्यंत राहून जातो.

गाडीत असते ती शिसे-आम्ल बॅटरी, म्हणजे गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केलेल्या बॅटरीचीच वंशज. बॅटरी उतरताना शिसे आणि शिशाचा डायऑक्साइड या दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमते आणि सल्फ्युरिक आम्ल पातळ होत जाते. चार्जिंगमध्ये याच्या उलट घडते. सहा सेलची बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर काही तास स्वस्थ ठेवल्यावर ती सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, अर्धी उतरल्यावर सुमारे १२.२, आणि १२ च्या खाली गेली की तिच्यात फारसे काही उरलेले नसते. इंजिन बंद केल्याबरोबर घेतलेले माप फसवे असते, कारण प्लेटांच्या पृष्ठभागावरचा ताजा चार्ज आकडा फुगवून दाखवतो. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत फार काळ राहिली, तर सल्फेटचे बारीक स्फटिक मोठे आणि कठीण होतात आणि पुन्हा चार्जिंगला दाद देत नाहीत. म्हणजे गाडीत करंटची गळती असेल, तर ती नव्या बॅटरीलाही अकाली म्हातारी करते.

हे सल्फेट विरघळवण्याचा दावा करणाऱ्या पुड्यांचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेत ‘एडी-एक्स२’ नावाची अशी एक पूड विकली जाई. ती निरुपयोगी असल्याचे तेथील राष्ट्रीय मानक संस्थेने चाचण्यांवरून सांगितले, तेव्हा १९५३ मध्ये संस्थेचे संचालक ॲलन ॲस्टिन यांनाच पद सोडायला सांगण्यात आले. शास्त्रज्ञांनी रान उठवल्यावर त्यांना परत घ्यावे लागले, आणि विज्ञान अकादमीच्या समितीनेही संस्थेचा निष्कर्ष उचलून धरला. त्या पुडीत प्रामुख्याने सोडियम आणि मॅग्नेशियमचे सल्फेट होते.

आता मोजणीकडे वळू. चावी काढून, दारे बंद करून बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवावी आणि केबल व टर्मिनल यांच्या मध्ये १० अँपिअरच्या रेंजवर लावलेला मल्टिमीटर (करंट आणि व्होल्ट मोजणारे छोटे यंत्र) जोडावा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये, कारण स्टार्टर काहीशे अँपिअर मागतो आणि मीटरचा फ्यूज उडतो. संगणक नसलेल्या जुन्या गाडीत घड्याळ आणि रेडिओ यांच्यापुरते काही मिलिअँपिअर दिसणे स्वाभाविक आहे. ५० मिलिअँपिअर धरले, तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात आणि ७५ अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी व्हायला महिना लागतो. याउलट डॅशबोर्डच्या कप्प्यातला ५ वॉटचा एक दिवा चालू राहिला, तर तो सुमारे ०.४ अँपिअर घेतो आणि तेवढीच बॅटरी चार दिवसांत अर्धी करतो.

माप जास्त आले, की फ्यूज एकेक करून काढायचे आणि कोणत्या फ्यूजला आकडा कोसळतो ते पाहायचे, ही रूढ पद्धत आहे. चिकटलेला हॉर्न रिले, फ्यूजबॉक्समधूनच जोडलेली म्युझिक सिस्टीम, असे बहुतेक अपराधी तिथे सापडतात. परंतु सगळे फ्यूज काढूनही आकडा दोन-तीन अँपिअरवर अडून बसला, तर आल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राकडे पाहावे. त्याची जाड तार फ्यूजबॉक्सला वळसा घालून थेट बॅटरीकडे जाते, म्हणून फ्यूज काढण्याच्या खेळात तो कधीच पकडला जात नाही.

आल्टरनेटरच्या तीन गुंडाळ्यांत प्रत्यावर्ती प्रवाह तयार होतो आणि सहा मुख्य डायोड, म्हणजे करंटला एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतात. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह जसा चढवलेले पाणी मागे जाऊ देत नाही, तसे हे डायोड इंजिन बंद असताना बॅटरीतला करंट मागे येऊ देत नाहीत. पॉझिटिव्ह बाजूचा एक डायोड शॉर्ट झाला, म्हणजे दोन्ही दिशांनी करंट जाऊ देऊ लागला, तर बॅटरीचा दाब (व्होल्टेज) गुंडाळ्यांपर्यंत पोहोचतो. तरीही निगेटिव्ह बाजूचे डायोड शाबूत असल्यामुळे करंटला तिथून अर्थकडे (गाडीच्या धातूच्या सांगाड्याकडे) जाता येत नाही, आणि म्हणून एका डायोडने काय बिघडणार, असे वाटते. मात्र अनेक जुन्या आल्टरनेटरमध्ये आणखी तीन छोटे डायोड असतात, जे याच गुंडाळ्यांमधून करंट घेऊन रोटरच्या, म्हणजे आल्टरनेटरमधल्या फिरणाऱ्या चुंबकाच्या, कॉइलला पुरवतात. ती वाट उघडीच असते. रेग्युलेटरचे काम दाब सुमारे १४ व्होल्टवर राखण्याचे. त्याला साडेबाराच व्होल्ट दिसतात, म्हणून तो रोटरला पूर्ण करंट देऊन टाकतो. इंजिन थंड पडलेले असते, पट्टा हलत नसतो, आणि तरीही रोटर रात्रभर विद्युतचुंबक बनून राहतो. तीन अँपिअरच्या हिशेबाने बारा तासांत ३६ अँपिअर-तास, म्हणजे जवळजवळ अर्धी बॅटरी, त्यात जाते. दिवसा उरलेले डायोड कसेबसे चार्जिंग करत राहतात, त्यामुळे चालकाला शंका येत नाही.

यातच निदानाची सुंदर सोय आहे. चावी बंद असताना स्क्रूड्रायव्हरचे टोक आल्टरनेटरच्या पुलीच्या नटाजवळ किंवा मागच्या बेअरिंगजवळ न्यावे. किंचित ओढ जाणवली तर ती लोखंडात उरलेल्या चुंबकत्वाची असू शकते, पण टोक खटकन चिकटले तर रोटरला करंट मिळतो आहे. मागच्या बाजूला जाड तारेचा बोल्ट असतो आणि तो सदैव जिवंत असतो, त्यामुळे तिथे मात्र स्क्रूड्रायव्हर लागू देऊ नये. अशा गाडीत चावी काढल्यावरही डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा अंधारात मंद मिणमिणताना दिसू शकतो.

खात्री करायची तर बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून आल्टरनेटरची जाड तार आणि छोटा सॉकेट काढावा, तारेच्या टोकाला टेप गुंडाळावी आणि मीटर पुन्हा जोडावा. आकडा मिलिअँपिअरवर आला, तर डायोड प्लेट (डायोड बसवलेली पट्टी) बदलण्याचे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडे सोपवता येते, आणि त्यासाठी संपूर्ण आल्टरनेटर बदलण्याची गरज बहुधा नसते. दुरुस्तीनंतर बॅटरी बाहेरच्या चार्जरवर सावकाश पूर्ण भरून घ्यावी. एक रात्र कशालाही न जोडता ठेवल्यावर ती १२.६ व्होल्टच्या आसपास राहिली, तर तीच बॅटरी पुन्हा गाडीत बसवायला हरकत नाही.