फायब्रोसिस आणि फिब्रिलेशन: ठोके सुधारले म्हणजे वण गेला का?

हृदयाच्या एका रिपोर्टवर हे दोन शब्द आले की लोक त्यांचा एकच आजार करून टाकतात. फिब्रिलेशन ही लय आहे, फायब्रोसिस हा मांसातला बदल.

फिब्रिलेशन बहुतेकांना माहीत असतं: हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंदं, मिनिटाला 350 ते 600 वेळा नुसती थरथरतात, ईसीजीवर पी लहर (अलिंदांच्या ठोक्याची खूण) दिसत नाही आणि नाडीला कसलाच ठेका उरत नाही. फायब्रोसिसमध्ये स्नायुपेशींच्या मध्ये कोलॅजेन हे तंतूंचं प्रथिन साचतं; हाच वण. विजेचा संदेश सरळ न जाता वळसे घेतो, रेंगाळतो, आणि फिरून मूळ जागी येतो तोवर तिथल्या पेशी पुन्हा पेटायला तयार असतात. मग तो गोल गोल फिरत राहतो. हार्ट अटॅकचा वण सहसा खालच्या कप्प्यात असतो. तो इथे आणूच नका.

खरी गफलत पुढे आहे. लय सुधारायला छातीवर विजेचा शॉक दिला, ईसीजी नॉर्मल आला, की ‘हृदय बरं झालं’ म्हणतात. हे वाक्य धोक्याचं आहे. ईसीजी त्या क्षणाची लय सांगतो, वण दाखवत नाही. फिब्रिलेशन चालू राहिलं की अलिंदात दोन तऱ्हेचे बदल होतात. पहिला विजेचा: पेशींचा विसावा, म्हणजे पुन्हा पेटण्याआधीचा थांबा, आखडतो. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या शेळ्यांवरच्या प्रयोगात हा बदल 24 तासांतच दिसू लागला आणि लय सुधारल्यावर आठवड्याभरात पुसला गेला. दुसरा बदल कोलॅजेनचा. तो हळूहळू साचतो आणि ठोके जाग्यावर आले म्हणून विरघळत नाही. म्हणूनच वर्षभर चाललेलं फिब्रिलेशन शॉकने थांबतं खरं, पण पुष्कळदा परत येतं. उलट वय, रक्तदाब, स्थूलपणा यांमुळे वण आधी पडून फिब्रिलेशन नंतरही येतं. कोण आधी, असा एकच नियम नाही.

‘मग वणच जाळून टाका’ हा सल्लाही घाईचा. अब्लेशन या जाळण्याच्या उपचारात डॉक्टर फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाभोवती मुद्दाम नवा, सलग वण करतात, म्हणजे तिथून उठणारे ठोके आत शिरत नाहीत. त्या कड्यात फट राहिली तर त्रास परततो. एमआरआयमध्ये दिसलेले जुने वणही सोबत जाळून पाहिले गेले. 843 रुग्णांच्या, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने फिब्रिलेशन परत येणं कमी झालं नाही. साध्या इकोवर तर अलिंदाचा आकार कळतो, वण नाही.

शॉकनंतर अलिंद काही काळ नीट आकुंचन पावत नाही, त्यामुळे गुठळी रोखणारी गोळी किमान 4 आठवडे लागते. तिला ‘रक्त पातळ करणारी’ म्हणणं मला पटत नाही. रक्त तेवढंच दाट राहतं. पुढे ती चालू ठेवायची की नाही हे वय, रक्तदाब, मधुमेह आणि आधी पक्षाघात झाला होता का यांवर ठरतं. ठोके नियमित झाले, एवढ्यावरून ती स्वतःहून बंद करू नका.