स्प्रेड: एक पान की दोन?

लेखाचा स्प्रेड, म्हणजे उघड्या अंकात समोरासमोर दिसणारी दोन पानं, करायला बसलेला विद्यार्थी नवी फाइल उघडतानाच अडतो. ए३चं एक आडवं पान घ्यावं, की ए४ची दोन पानं समोरासमोर? छापल्यावर दोन्हींचं माप एकच, ४२० बाय २९७ मिमी. तरीही वाद होतो, कारण ‘स्प्रेड’ या शब्दाला दोन अर्थ चिकटलेले आहेत.

उघड्या पुस्तकाची दोन पानं नजरेला एकत्र दिसतात हे हस्तलिखितं करणाऱ्यांनाही ठाऊक होतं; आतला समास बाहेरच्यापेक्षा अरुंद ठेवायची रीत त्यांचीच. मासिकांना या जागेची ताकद कळली ती १९२० आणि ३०च्या दशकांत. ३५ मिमीचे लहान कॅमेरे आले, फोटोंच्या मालिकेतून हकिगत सांगणारी सचित्र साप्ताहिकं निघाली आणि फॅशनच्या मासिकांत फोटो कागदाच्या कडेपर्यंत, घडी ओलांडून जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रिडची, म्हणजे पानावर आखलेल्या स्तंभ-चौकटींची, शिस्त आली.

गोंधळाचं मूळ ऑफसेट छपाई आणि फोटोटाइपसेटिंगच्या (अक्षरं फोटोसारखी उमटवण्याच्या) काळात आहे. मजकूर ब्रोमाइडवर, म्हणजे फोटोच्या कागदावर, यायचा. तो कापून मेणाने किंवा रबर सोल्यूशनने जाड कागदावर चिकटवायचा. त्या कागदावर स्तंभांच्या रेषा फिक्या निळ्या असत, कारण छपाईसाठी पानाचा फोटो घ्यायच्या लिथ फिल्मवर तो निळा उमटत नाही. पेस्टिंग करणारा २ आणि ३ ही पानं बहुधा एकाच बोर्डावर लावी, कारण वाचकाला ती शेजारी दिसणार असत. पुढे फिल्म जुळवणारा तीच पानं एकमेकांपासून सोडवी. त्याच्या लेखी शेजारची पानं म्हणजे कागदाच्या एका बाजूवर मिळून छापली जाणारी पानं. दोघेही आपापल्या जोडीला स्प्रेडच म्हणत: एक वाचकाचा, दुसरा छापणाऱ्याचा.

सेंटर पिनचा, म्हणजे मधल्या घडीवर पिन मारलेला, आठ पानांचा अंक घेतला की फरक हातात येतो. कागद दोन, बाजू चार: ८ आणि १, २ आणि ७, ६ आणि ३, ४ आणि ५. प्रत्येक जोडीची बेरीज ९, म्हणजे एकूण पानांपेक्षा एक जास्त. सोळा पानांच्या अंकात ती १७ येते. दोन्ही अर्थांनी स्प्रेड ठरणारी आतली जोडी एकच, ४-५. तोच सेंटरस्प्रेड. कुठल्याही स्प्रेडला सेंटरस्प्रेड म्हणायची सवय म्हणूनच घातक आहे. ४-५वर फोटो घडीवरून नेला तर कागद अखंड असतो. २-३वर नेला तर अर्धा फोटो एका कागदावर आणि अर्धा दुसऱ्यावर पडतो. मिलिमीटरभर सरकला तरी रेषा तुटते, आणि शाईची छटा बदलली तर तेही लपत नाही. त्यामुळे चेहरा आणि बारीक अक्षरं घडीवर येऊ द्यायची नाहीत. मथळा आरपार न्यायचा असेल तर दोन शब्दांमधली मोकळी जागा घडीवर आणायची.

मग पानं लावायची सॉफ्टवेअर आली: १९८५मध्ये पेजमेकर, १९८७मध्ये क्वार्क, १९९९मध्ये इनडिझाइन. पडद्यावर वाचकाचा स्प्रेड राहिला आणि छपाईच्या जोड्या लावायचं काम, म्हणजे इम्पोझिशन, प्रेसकडे गेलं. दरम्यान १९९०मध्ये फोटोशॉप आलं. ते चित्रांसाठी केलेलं. समोरासमोरची पानं ही कल्पनाच त्यात नाही. त्यात स्प्रेड करायचा तर ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ४९६१ बाय ३५०८ पिक्सेलचं एकच ए३ पान घ्यावं लागतं. वर फाइल आरजीबीत (पडद्याच्या रंगांत) असेल तर सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) जाताना काळी अक्षरं चार शायांची होतात, आणि शाई जरा सरकली की बारीक मजकुराला रंगीत कड येते.

ए३चा खरा दोष हा की त्यात घडी नाही. सहा स्तंभ सलग आखले जातात; तिसऱ्या आणि चौथ्या स्तंभातलं अंतर इतरांसारखंच ५ मिमी राहतं. कागद दुमडला की दोन्हीकडची अक्षरं घडीला अडीच मिमीवर येतात. समोरासमोरच्या पानांत आतला समास वेगळा देता येतो. तो १२ ते १५ मिमी ठेवला की मजकूर मोकळा राहतो. योग्य पर्याय हाच. नवखे इथे एकाच ठिकाणी अडखळतात: पान १ उजवीकडे एकटं उभं राहतं, म्हणून दोन पानांच्या फाइलमध्ये स्प्रेड जुळतच नाही. सुरुवातीचा पानक्रमांक २ द्यावा, जोडी लगेच जमते. ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा भाग, बाहेरच्या कडांना ३ मिमी. मग पूर्ण स्प्रेडभरच्या फोटोला ४२६ बाय ३०३ मिमी लागतात. ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो एवढा ताणला की सुमारे २४० पीपीआय उरतात. ते चालतं. त्याच फोटोचा अर्ध्या रुंदीचा तुकडा तेवढाच पसरला की १२० उरतात आणि केस, कापडाची वीण सगळं मऊ पडतं.

पीडीएफ काढताना जुना गोंधळ परत भेटतो. तपासणाऱ्यासाठी ‘स्प्रेड्स’ निवडावं, प्रेससाठी सुटी पानं. छापणाऱ्याचे स्प्रेड स्वतः जुळवून पाठवले तर प्रेसला ते आधी उसवावे लागतात. पूर्ण अंकाची सुटी पानं पडद्यावर दोन-दोन करून पाहिली तर १-२, ३-४ अशा जोड्या लागतात आणि २-३ फुटतं. मुखपृष्ठ वेगळं दाखवायचा पर्याय चालू केला की २ आणि ३ पुन्हा शेजारी येतात.