ब्रिटनमधील सार्वत्रिक निवडणुकीचा मुहूर्त

ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक कधी घ्यायची हे पंतप्रधान ठरवतात. भारतात मतदानाच्या तारखा निवडणूक आयोग जाहीर करतो. सत्ताधाऱ्यांना फार तर सभागृह मुदतीआधी विसर्जित करण्याची शिफारस करता येते, नेमका दिवस त्यांच्या हाती नसतो. लंडनमध्ये मात्र वर्ष, महिना आणि दिवस हे तिन्ही १०, डाउनिंग स्ट्रीट या पंतप्रधानांच्या कार्यालयातच ठरतात. पंतप्रधान सहकाऱ्यांचे मत घेतात, पण विसर्जनाची विनंती ते एकट्याने करतात. बाहेरून हा हुकमी एक्का वाटतो. प्रत्यक्षात कायद्याची मुदत, कामकाजाचे दिवस, शाळांच्या सुट्ट्या, अर्थसंकल्प आणि हवामान यांची वजाबाकी केली की वर्षातून मोजकेच गुरुवार हाती उरतात, आणि त्यांतलाही एखादाच पक्षाला खऱ्या अर्थाने सोयीचा असतो.

कायदा आणि मुदत

१७१६ मध्ये संमत झालेल्या सप्तवार्षिक कायद्याने संसदेची कमाल मुदत ७ वर्षे झाली. १९११ च्या संसद कायद्याने ती ५ वर्षांवर आणली. त्याच कायद्याने उमरावांच्या वरिष्ठ सभागृहाचे अधिकार छाटले, पण एक अपवाद ठेवला: संसदेची मुदत ५ वर्षांपलीकडे वाढवायची असेल तर उमरावांची संमती लागतेच. ही मुदतवाढ दोन महायुद्धांत झाली. डिसेंबर १९१० मध्ये निवडलेले सभागृह १९१८ पर्यंत आणि १९३५ चे सभागृह १९४५ पर्यंत चालले.

तारीख निवडण्याचा हा अधिकार पंतप्रधानांच्या हातून एकदा काढूनही घेतला गेला होता. २०१० मध्ये हुजूर पक्ष आणि लिबरल डेमोक्रॅट यांचे आघाडी सरकार आले. मोठा भागीदार सोयीची वेळ साधून आपल्याला वाऱ्यावर सोडील, ही धाकट्या भागीदाराची भीती रास्त होती. म्हणून २०११ मध्ये निश्चित मुदतीचा कायदा झाला. दर पाचव्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मतदान घ्यायचे. त्याआधी घ्यायचे तर सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश, म्हणजे ६५० पैकी ४३४ मते हवीत. नाहीतर अविश्वास ठराव संमत होऊन १४ दिवसांत विश्वासदर्शक ठराव संमत होता कामा नये. या वेळापत्रकाप्रमाणे झालेली निवडणूक एकच, ७ मे २०१५ ची. २०१७ मध्ये थेरेसा मे यांनी विरोधकांच्याच मदतीने ५२२ विरुद्ध १३ अशी मते मिळवून मुदतपूर्व निवडणूक घेतली. २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांना ४३४ चा आकडा तीनदा गाठता आला नाही. तेव्हा साध्या बहुमताने संमत होणारा छोटासा स्वतंत्र कायदा आणून त्यांनी १२ डिसेंबरची तारीख मिळवली. साध्या बहुमताने बगल देता येते त्या कुलपाचा उपयोग काय, हे त्या दिवशी उघड झाले. मार्च २०२२ मध्ये निश्चित मुदतीचा कायदा रद्द झाला आणि जुनी पद्धत परतली.

नव्या कायद्यानुसार सभागृह पहिल्यांदा भरल्यापासून ५ वर्षांनी आपोआप विसर्जित होते. त्याआधी पंतप्रधानांनी विनंती केली की राजा विसर्जन करतो, आणि त्या निर्णयाला न्यायालयात आव्हान देता येत नाही. राजाने विनंती नाकारावी अशी परिस्थिती कल्पनेत असू शकते. त्यासंबंधी १९५० मध्ये राजाचे खासगी सचिव ॲलन लॅसेल्स यांनी टोपणनावाने वृत्तपत्राला पत्र लिहून तीन कसोट्या मांडल्या होत्या: संसद अजून कामाची असणे, निवडणुकीने अर्थव्यवस्थेचे नुकसान होणे आणि सरकार चालवू शकणारा दुसरा पंतप्रधान उपलब्ध असणे. आधुनिक काळात मात्र तशी वेळ आलेली नाही.

पंचवीस दिवसांचा हिशेब

विसर्जनापासून मतदानापर्यंत २५ कामकाजाचे दिवस असतात. पूर्वी ते १७ होते. टपाली मतपत्रिका छापून परदेशी पाठवायला वेळ पुरत नाही म्हणून २०१३ च्या कायद्याने ते वाढवले. या मोजणीत शनिवार-रविवार, गुड फ्रायडे, नाताळ आणि नाताळची पूर्वसंध्या धरत नाहीत. शिवाय संयुक्त राज्याच्या कोणत्याही एका भागातली बँक-सुट्टी सगळ्या देशासाठी वगळतात. घोटाळा नेमका इथे होतो. सध्याचे सभागृह ९ जुलै २०२४ रोजी भरले, म्हणजे ते ९ जुलै २०२९ ला आपोआप संपेल. तिथून पाच आठवडे मोजले तर १३ ऑगस्ट येतो. पण १२ जुलैला उत्तर आयर्लंडमध्ये सुट्टी असते आणि ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी स्कॉटलंडमध्ये. हे दोन दिवस वाढवले की शेवटची शक्य तारीख १५ ऑगस्ट २०२९ येते.

२०२४ ची निवडणूक दिवसवार पाहिली की यंत्रणेचा वेग कळतो. ऋषी सुनक यांनी २२ मे रोजी भर पावसात घोषणा केली. २४ मे रोजी अधिवेशन संस्थगित झाले आणि ३० मे रोजी विसर्जन. घोषणा आणि संस्थगिती यांच्या मधल्या दोन दिवसांत सरकार आणि विरोधक बसून कोणती विधेयके तडीस न्यायची हे ठरवतात. या आवराआवरीत जे बसत नाही ते रद्दबातल होते. त्या वेळी टपाल खात्याच्या सदोष संगणक प्रणालीमुळे दोषी ठरलेल्यांची शिक्षा रद्द करणारा कायदा संमत झाला, तर ठरावीक वर्षानंतर जन्मलेल्यांना तंबाखू विकण्यावरील बंदीचे आणि भाडेकरूंच्या संरक्षणाचे विधेयक बुडाले. तारीख अचानक काढण्याची ही किंमत सरकारच्या स्वतःच्या खात्यांना मोजावी लागते.

विसर्जनानंतर सहाव्या कामकाजाच्या दिवशी दुपारी ४ वाजता उमेदवारी अर्जांची मुदत संपते. २०२४ मध्ये हा दिवस ७ जून होता. अर्जावर मतदारसंघातील १० मतदारांच्या सह्या आणि ५०० पौंड अनामत लागते; ५ टक्के मते न मिळाल्यास ती जप्त होते. अचानक निवडणुकीत पक्षांची खरी तारांबळ याच आठवड्यात उडते. डझनावारी मतदारसंघांत उमेदवार ठरलेले नसतात, घाईत निवडलेल्यांची जुनी वक्तव्ये तपासलेली नसतात, आणि यादी जाहीर झाली की माघार घेता येत नाही. मग पक्षाने हात झटकले तरी मतपत्रिकेवर नाव पक्षाच्या चिन्हासह राहतेच.

मतदार नोंदणीची मुदत मतदानाच्या १२ कामकाजाचे दिवस आधी मध्यरात्री संपते, टपाली मतदानाच्या अर्जाची ११ दिवस आधी सायंकाळी ५ वाजता. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकांनाही राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून या निवडणुकीत मत देता येते. नोकरीसाठी लंडनजवळच्या स्लाऊला किंवा मँचेस्टरला गेलेल्या पुण्या-मुंबईच्या अनेकांना हे ठाऊकच नसते. मतदान केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र लागते आणि त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो, पण नाव यादीत नसेल तर पासपोर्ट दाखवून काही होत नाही. घोषणा अचानक झाली की नोंदणीला जेमतेम चार आठवडे मिळतात, आणि नुकतेच घर बदललेले भाडेकरू व विद्यार्थी त्यात सर्वांत जास्त सुटतात.

खर्चाचे नियमही तारखेशी बांधलेले आहेत. राष्ट्रीय पातळीवरील पक्षखर्चाची मर्यादा मतदानाच्या दिवसापासून मागे ३६५ दिवसांना लागू होते. म्हणजे तारीख जाहीर होईपर्यंत आपण नियंत्रित काळात आहोत की नाही हे विरोधकांना सांगता येत नाही. सभागृहाने ५५ महिने ओलांडले तर उमेदवारांच्या खर्चावरही विसर्जनाआधीच मर्यादा येते. जुलै २०२४ चे मतदान त्या उंबरठ्याच्या किंचित आधी झाले.

कोणता महिना

मतदान गुरुवारी घेणे हा कायदा नसून प्रथा आहे, पण १९३५ पासून एकही सार्वत्रिक निवडणूक दुसऱ्या वारी झालेली नाही. महिन्यांत मे आणि जून यांना पसंती मिळते, आणि त्यामागे रोकडा व्यवहार आहे. मेच्या पहिल्या गुरुवारी इंग्लंडमध्ये स्थानिक निवडणुका असतातच. केंद्रे, कर्मचारी आणि प्रचारयंत्रणा एकदाच उभी करावी लागते, आणि स्वतःची जागा राखायला धडपडणारे नगरसेवक खासदारासाठीही दारोदार फिरतात. दुसरा डाव असा की स्थानिक निकाल पाहून मग जूनची तारीख काढायची. १९८३ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी मेच्या स्थानिक निकालांचे मतदारसंघवार पृथक्करण करून घेतले, रविवारी चेकर्स या निवासस्थानी बैठक घेतली आणि दुसऱ्या दिवशी ९ जूनची घोषणा केली. त्यांच्या पक्षाला इतर सर्वांच्या बेरजेपेक्षा १४४ जागा जास्त मिळाल्या.

जुलै-ऑगस्ट सुट्ट्यांचे महिने. स्कॉटलंडच्या शाळा जूनअखेर सुटतात, त्यामुळे ४ जुलै २०२४ च्या मतदानाला टपाली मतपत्रिका घरी पोचेपर्यंत अनेक कुटुंबे विमानात बसली होती. एडिंबरा पालिकेला पुन्हा मतपत्रिका देण्यासाठी तातडीचे केंद्र उघडावे लागले. सप्टेंबर आणि ऑक्टोबरची सुरुवात पक्षांच्या वार्षिक अधिवेशनांची. सभागृहे व हॉटेले आधीच भाड्याने घेतलेली असतात आणि तिथून पक्षाला पैसाही येतो, म्हणून ती रद्द करणे जिवावर येते. मग उरतो मध्य ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर. डिसेंबरमध्ये लंडनला दुपारी चारच्या आधी अंधार पडतो, स्कॉटलंडच्या उत्तरेला त्याहूनही लवकर. मतदान केंद्र म्हणून वापरायच्या शाळा आणि चर्चची सभागृहे नाताळच्या कार्यक्रमांनी अडलेली असतात. २०१९ मध्ये पालिकांना याच अडचणीला तोंड द्यावे लागले.

याच्या वर आर्थिक दिनदर्शिका असते. एप्रिलमध्ये नवे कर लागू होतात. करकपात पगाराच्या चिठ्ठीत एक-दोनदा दिसल्याशिवाय मतदाराला जाणवत नाही, म्हणून कपातीनंतर किमान सहा-आठ आठवडे जाऊ देण्याकडे कल असतो. महागाईचे आकडे दर महिन्याच्या मध्यावर येतात. सुनक यांनी तारीख जाहीर केली त्याच सकाळी महागाई २.३ टक्क्यांवर आल्याचे प्रसिद्ध झाले होते. पण दर कमी होणे म्हणजे किमती उतरणे नव्हे. बाजारहाट करणाऱ्याला दोन वर्षांपूर्वीची किंमत आठवते, सांख्यिकी कार्यालयाची टक्केवारी नाही. सुनक यांचा पक्ष १२१ जागांवर आला.

चुकलेले मुहूर्त

सर्वाधिक चर्चा होते ती १९७८ ची. जेम्स कॅलाहन यांच्या मजूर सरकारला बहुमत नव्हते, पण त्या उन्हाळ्यात महागाई उतरली होती आणि शरद ऋतूत निवडणूक होणार हे सगळ्यांनी गृहीत धरले होते. ५ सप्टेंबरला ब्रायटन येथे कामगार संघटनांच्या परिषदेत त्यांनी बोहल्यावर ताटकळलेल्या नवरीचे एक जुने गाणे म्हटले. श्रोत्यांना वाटले, विरोधकांची फिरकी घेतली. दोनच दिवसांनी दूरचित्रवाणीवरून त्यांनी निवडणूक होणार नसल्याचे सांगितले. हिवाळ्यात ५ टक्क्यांच्या वेतनवाढ मर्यादेविरुद्ध संप पेटले. ट्रकचालक, रुग्णालयांचे कर्मचारी, लिव्हरपूलमध्ये थडगी खणणारेही थांबले. २८ मार्च १९७९ रोजी सरकार ३११ विरुद्ध ३१० असे एका मताने पडले आणि ३ मे रोजी थॅचर निवडून आल्या.

२००७ मध्ये गॉर्डन ब्राऊन यांच्याकडून वेगळी चूक झाली. जूनमध्ये पद स्वीकारल्यावर जनमत चाचण्यांत आघाडी मिळाली, आणि निकटवर्तीयांनी शरद ऋतूतील निवडणुकीची चर्चा आठवडाभर मुद्दाम वाढू दिली. विरोधी पक्षाने आपल्या अधिवेशनात वारसाकराची मर्यादा १० लाख पौंडांवर नेण्याचे आश्वासन दिले आणि आघाडी विरली. ६ ऑक्टोबरला ब्राऊन यांनी माघार घेतली. निवडणूक न घेणे चूक नव्हते, पण घेणार असे भासवून न घेणे महागात पडले. तारखेची कुजबुज सुरू झाली की तिला दहा-बारा दिवसांत हो किंवा नाही म्हणावेच लागते, एरवी पंतप्रधान घाबरले असा अर्थ निघतो.

आघाडी असताना घेतलेली निवडणूकही हातची जाते. १९७० मध्ये हॅरॉल्ड विल्सन यांनी अनुकूल चाचण्या पाहून १८ जून ठरवला. चार दिवस आधी विश्वचषकात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून हरला, दुसऱ्या दिवशी व्यापारतुटीचे वाईट आकडे आले, आणि सत्ता गेली. पराभवाचे खापर फुटबॉलवर फोडण्याची हौस अजून टिकून आहे. व्यापाराच्या आकड्यांना तितकी प्रसिद्धी मिळत नाही. फेब्रुवारी १९७४ मध्ये खाणकामगारांच्या संपावरून एडवर्ड हीथ यांनी देशावर राज्य कोणाचे असा सवाल केला. त्यांच्या पक्षाला मते जास्त पडली, पण जागा २९७, मजूर पक्षाच्या ३०१. एका प्रश्नावर निवडणूक बोलावता येते, मतदाराला त्याच प्रश्नावर तीन आठवडे थांबवता येत नाही. २०१७ मध्ये हेच पुन्हा घडले. सुमारे २० टक्क्यांच्या आघाडीवर थेरेसा मे यांनी ब्रेक्झिटसाठी कौल मागितला, ४ मेच्या स्थानिक निकालांनी हुरूप वाढला, आणि मग वृद्धांच्या देखभालखर्चाचे आश्वासन जाहीरनाम्यात घालून चार दिवसांत फिरवावे लागले. पक्ष ३१७ जागांवर अडकला. घोषणा ते मतदान ५१ दिवस हा प्रचार लांबलेला होता. स्वतः तारीख निवडणाऱ्याने तो लांबवण्याचे कारण नव्हते.

क्लेमेंट ॲटली यांचा १९५१ चा निर्णय यांत वेगळा पडतो. राजे सहावे जॉर्ज लांबच्या दौऱ्यावर जाणार होते आणि त्यांच्या गैरहजेरीत सरकार पडण्याची भीती नको, हे ॲटलींच्या कारणांपैकी एक होते. मजूर पक्षाला हुजूर पक्षापेक्षा जास्त मते मिळूनही सत्ता गेली, आणि आजारपणामुळे राजाचा तो दौरा झालाच नाही.

ठरलेली तारीख पुढे ढकलल्याचे उदाहरण २००१ चे. गुरांच्या लाळ्या-खुरकुत रोगामुळे ग्रामीण भागात ये-जा बंद झाली होती, म्हणून टोनी ब्लेअर यांनी मनात असलेला ३ मे सोडून ७ जून धरला. अधिकृत घोषणा झालेली नसल्याने हे सहज जमले. विसर्जनानंतर मात्र पंतप्रधानांना तारीख हलवता येत नाही. राजाचे निधन झाले तर मतदान कायद्यानेच १४ दिवस पुढे जाते, आणि पक्षाचा उमेदवार दगावला तर त्या एका मतदारसंघापुरते नव्याने घेतात.

पुढच्या वेळी स्थानिक निवडणुकांबरोबर, म्हणजे ३ मे २०२९ रोजी मतदान हवे असेल तर मधल्या ईस्टरच्या सुट्ट्या वगळून संसद मंगळवार, २७ मार्च रोजी विसर्जित करावी लागेल, आणि सहाव्या कामकाजाच्या दिवशी, ६ एप्रिलला, दुपारी ४ वाजता अर्ज बंद होतील.