सूर्यमालेचा आकार आणि सीमा

सूर्याचा प्रभाव जिथे संपतो ती सूर्यमालेची सीमा होय. हा प्रभाव सौरवाताचा आणि गुरुत्वाकर्षणाचा असा दुहेरी असल्याने सीमाही दोन मानाव्या लागतात. अंतरे मोजण्याचे माप म्हणजे खगोलीय एकक, अर्थात पृथ्वी व सूर्य यांतील सरासरी अंतर, सुमारे १५ कोटी किमी.

हे एकक १०० मीटर धरून शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजात सूर्य मांडला, तर तो जेमतेम मीटरभर व्यासाचा आणि पृथ्वी हरभऱ्याच्या दाण्याएवढी होईल. नेपच्यून ३ किमीवर, पर्वतीच्या जरा पलीकडे येईल. ग्रह जवळजवळ एकाच पातळीत फिरतात, त्यामुळे इथवर सूर्यमाला थाळीसारखी सपाट आहे. नेपच्यूनपलीकडे ५० एककांपर्यंत लहान बर्फाळ गोलांचा कायपर पट्टा पसरला असून प्लूटो त्यातलाच.

सूर्यापासून सेकंदाला सरासरी ४०० किमी वेगाने वाहणारा विद्युतभारित कणांचा सौरवात अंतराबरोबर विरळ होत जातो, आणि त्याचा दाब ताऱ्यांमधल्या वायूच्या दाबाइतका उतरला की तिथेच अडतो. ही पहिली सीमा, हेलिओपॉज. तिच्या आतल्या पोकळीला धूमकेतूसारखी लांब शेपूट आहे, की ती बरीचशी गोलसर आहे, यावर अजून एकमत नाही. सौरवाताच्या अभ्यासात पुण्याचाही वाटा आहे. इथल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या ऊटी येथील दुर्बिणीतून दूरच्या रेडिओ स्रोतांचे लुकलुकणे नोंदवतात आणि त्यावरून मधल्या सौरवाताचा वेग व घनता काढतात.

व्हॉयेजर-१ या अंतराळयानाने २५ ऑगस्ट २०१२ रोजी सुमारे १२२ एककांवर ही सीमा ओलांडली. आपल्या नकाशावर ती खडकवासल्याच्या धरणाजवळ येते. यानावरचे प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, मोजण्याचे उपकरण १९८० मध्येच बंद पडले होते, म्हणून खात्री पटायला वर्ष लागले. मार्च २०१२ मधल्या सौर उद्रेकाचा धक्का १३ महिन्यांनी यानापर्यंत पोहोचला, भोवतालचा प्लाझ्मा कंप पावू लागला, आणि त्या कंपनांच्या वारंवारितेवरून बाहेरची घनता आतल्यापेक्षा सुमारे ४० पट असल्याचे कळले. व्हॉयेजर-२ ने ५ नोव्हेंबर २०१८ रोजी ११९ एककांवर सीमा पार केली. त्याचे उपकरण चालू होते, त्यामुळे तो बदल थेट मोजता आला.

तरीही ‘व्हॉयेजर सूर्यमालेबाहेर पडले’ हे विधान अपुरे आहे. ऊर्ट या डच शास्त्रज्ञाने १९५० मध्ये असे मांडले की, दीर्घ मुदतीचे धूमकेतू आकाशाच्या सर्व दिशांनी येतात, त्याअर्थी त्यांचे मूळ ठिकाण थाळीत नसून सूर्याला चहूबाजूंनी वेढणाऱ्या गोलाकार मेघात असले पाहिजे. या ऊर्ट मेघाचे प्रत्यक्ष दर्शन आजवर झालेले नाही. तो साधारण २,००० एककांपासून, म्हणजे नकाशावर कोल्हापूरपासून, सुरू होतो असे मानतात आणि त्याची बाहेरची कड एक लाख एककांपर्यंत धरतात. तेवढे अंतर नकाशावर १०,००० किमी, लंडनच्याही पुढे जाते. गुरुत्वाकर्षणाची सीमा तिथे आहे. व्हॉयेजर-१ या नकाशावर वर्षाला साडेतीनशे मीटर पुढे सरकते. त्या हिशेबाने त्याला कोल्हापूर गाठायला आणखी सुमारे पाचशे वर्षे लागतील.