अग्निशामक भरती : पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज जिथे अडकतो त्या जागा

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगा फाईल घेऊन आमच्या केंद्रावर अर्ज भरायला आला. सगळ्यात वर लॅमिनेट केलेला 'फायर अँड सेफ्टी'चा डिप्लोमा. वडिलांनी कर्ज काढून वर्षाची फी भरली होती. मी महापालिकेच्या जाहिरातीत पात्रतेच्या ओळीवर बोट ठेवलं आणि त्याला मोठ्यानं वाचायला सांगितलं. राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम उत्तीर्ण, इथवर वाचून तो थांबला. "म्हणजे हा चालणार नाही?" नाही चालत. आणि दर भरतीला असे चार-पाच जण येतात, म्हणूनच हे लिहायला घेतलं.

आधी एक फरक समजून घ्या. सगळ्या महापालिका एकच पात्रता मागत नाहीत. मुंबईत बारावी झालेल्यांना घेतात आणि अग्निशमन दल स्वतःच प्रशिक्षण देतं. २०२२-२३ मध्ये ९१० अग्निशामकांची भरती निघाली तेव्हा अट होती बारावीला किमान ५० टक्के, खुल्या गटाला वय २० ते २७. पुण्यासारख्या महापालिकेनं मात्र दहावीसोबत तो सहा महिन्यांचा शासकीय पाठ्यक्रम आधीच झालेला मागितला. मुंबईची जाहिरात वाचून कोणी मित्र सांगतो "कोर्स लागत नाही", आणि त्याच्या भरवशावर पुण्याचा अर्ज भरला जातो. फी जाते, वर्ष जातं.

हा पाठ्यक्रम मुंबईत सांताक्रूझ पूर्वेला, कालिन्याच्या विद्यानगरीत राज्याची अग्निशमन अकादमी आहे (जाहिरातीतलं राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र ते हेच), तिच्यामार्फत चालतो. प्रवेशाची सूचना निघते, तिच्याकडे नोकरीची जाहिरात नाही म्हणून कोणी बघत नाही. खरा घोळ इथेच आहे. २०२४ च्या प्रवेशसूचनेत अग्निशामक पाठ्यक्रमाला दहावीत ५० टक्के (मागासवर्गीयांना ४५) आणि वय १८ ते २३ अशी अट होती, मागासवर्गीयांना पाच वर्षांची सूट. नोकरीची वयोमर्यादा बहुतेक ठिकाणी याहून बरीच पुढे असते. मुलं नोकरीचं वय बघून निवांत राहतात, पंचविशीत पाठ्यक्रमाची चौकशी करतात आणि तेव्हा दार बंद झालेलं असतं. घरात अठरा-एकोणीस वर्षांचं कोणी या वाटेला जाणार असेल तर आधी हा प्रवेश बघा, भरती नंतर.

खाजगी डिप्लोमा निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. कारखान्यात, बांधकामाच्या साईटवर सुरक्षेच्या नोकऱ्या त्यावर मिळतात. पण महापालिकेच्या जाहिरातीत ज्या संस्थेचं नाव छापलंय त्याच संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. फी भरण्याआधी त्या संस्थेला एवढंच विचारा : महापालिकेच्या जाहिरातीत तुमचं नाव आहे का? हो म्हणाले तर ती जाहिरात दाखवायला सांगा. तोंडी उत्तरावर पैसे देऊ नका.

अधिकारी व्हायचं असेल तर वाट वेगळी. पदवीला ५० टक्के आणि त्याच अकादमीचा उपस्थानक अधिकारी व अग्निप्रतिबंध अधिकारी हा एक वर्षाचा पाठ्यक्रम, किंवा नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचा उपअधिकारी पाठ्यक्रम. पुढच्या पदांना विभागीय अधिकारी पाठ्यक्रम किंवा अग्निशमन अभियांत्रिकीची पदवी आणि प्रत्यक्ष सेवेची वर्षं मोजतात. शहराच्या प्रमुख अग्निशमन अधिकाऱ्याच्या खुर्चीपर्यंत हीच वाट जाते.

काम काय असतं, हेही अर्जाआधी माहीत हवं. आग हा त्यातला एक भाग. भिंत कोसळली, लिफ्टमध्ये माणूस अडकला, झाड पडलं, गॅस गळतोय, नाल्यात कोणी वाहून गेलं, सगळीकडे हेच लोक. अधिकाऱ्यांकडे त्याशिवाय कायद्याचं काम असतं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीची तपासणी, त्रुटी असतील तर नोटीस, धोका मोठा असेल तर इमारत रिकामी करायला लावणं. इमारतीतली आगीची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं 'नमुना ब' प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं, त्याचा पाठपुरावाही यांच्याकडेच. आणि खुर्ची मोठी झाली म्हणून आगीपासून लांब राहता येत नाही. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या आगीत मुंबई दलाचे चार अधिकारी गेले, त्यात प्रमुख सुनील नेसरीकरही होते. आईवडिलांना हे सांगून मगच अर्ज भरा.

आता कागदपत्रं. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो हे सगळ्यांकडे असतं. अडकतं ते पुढे.

नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे आरक्षणासाठी घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र. सगळ्यात जास्त अर्ज यानं बाद होताना मी पाहिलेत. जाहिरातीत बहुधा लिहिलेलं असतं की अर्जाच्या शेवटच्या तारखेला प्रमाणपत्र वैध हवं. मुलांना वाटतं पडताळणीच्या दिवशी हातात असलं की झालं. प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, अर्ज एप्रिलमध्ये भरला जातो, जूनमध्ये नवं काढून पडताळणीला नेतात. त्यावरची तारीख शेवटच्या तारखेनंतरची, म्हणून आरक्षणाचा लाभ गेला. आजच आपलं प्रमाणपत्र हातात घेऊन खालची तारीख वाचा. इतर मागासवर्गीयांसाठी आठ लाखांची मर्यादा बघताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, हे काही कार्यालयांत अजूनही समजावून सांगावं लागतं. ज्यांचं कामच हे आहे त्यांना अर्जदारानं नियम सांगावा लागतो, याचा मला मनापासून राग येतो. खुल्या गटातल्या महिलांना महिला आरक्षणासाठी हे प्रमाणपत्र मे २०२३ पासून लागत नाही. तरी कोणी मागितलं तर शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवा. आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र त्या त्या आर्थिक वर्षापुरतं असतं, मागच्या वर्षीचं चालत नाही.

नाव. लग्न झालेल्या मुलींच्या दहावीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद, दोन्हीपैकी काहीतरी लागतं. गावात लग्नाची नोंदणीच केलेली नसते. ती आत्ता करून ठेवा, जाहिरात निघाल्यावर पंधरा दिवसांत होत नाही.

मराठी. मुंबईच्या जाहिरातीत दहावीला मराठी शंभर गुणांचा विषय हवा असतो. इंग्रजी माध्यमातल्या मुलांनी आपली गुणपत्रिका नीट बघावी. एमएससीआयटी हे संगणकाचं किंवा त्याला समकक्ष प्रमाणपत्र आणि अधिवास दाखला हेही आधीच तयार ठेवा. विवाहितांना लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. २८ मार्च २००६ नंतर तिसरं मूल झालं असेल तर अपात्र.

शेवटी मोजमाप, कारण कागद पूर्ण असूनही माणूस इथून परततो. मुंबईत पुरुषांना उंची १७२ सेंटिमीटर, महिलांना १६२, वजन किमान ५० किलो, पुरुषांची छाती ८१ आणि फुगवून पाच सेंटिमीटर जास्त. कालिन्याच्या पाठ्यक्रमाला पुरुषांना १६५ होती, म्हणजे तिथे बसणारा मुंबईत बसेलच असं नाही. काठावरची उंची असेल तर सकाळी मोजणी असलेली बरी. दिवसभर उभं राहून मणक्यातल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी उंची एक-दीड सेंटिमीटर कमी भरते. ही मनाची समजूत नाही, घरी भिंतीला पाठ लावून, अनवाणी, दोन वेळा मोजून बघा. २०२३ च्या मुंबई भरतीत महिला उमेदवारांनी उंचीच्या मोजमापावरून मैदानाबाहेर उघड आंदोलन केलं होतं. शंका असेल तर तिथल्या तिथे फेरमोजणी मागा आणि लेखी अर्ज द्या, घरी गेल्यावर काही होत नाही.

छातीचं म्हणाल तर ८१ बहुतेकांची भरते, फुगवताना चारवर अडकते. महिनाभर रोज श्वासाचा सराव केला की हे जमतं, माझ्यासमोर जमलंय.

एक गोष्ट मात्र सरावानं बदलत नाही. रंगांधळेपणा असेल तर वैद्यकीय तपासणीत नाव कटतं, तेही मैदान, लेखी सगळं पार केल्यावर. सरकारी दवाखान्यात ठिपक्यांच्या आकड्यांचं पुस्तक दाखवून पाच मिनिटांत तपासून देतात. धावायला सुरुवात करण्याच्या आधल्या दिवशी तिथे जाऊन या.