क्लेमोर

क्लेमोर : स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील (हायलंड्स) सरळ पात्याची तलवार. हे नाव दोन अगदी वेगळ्या शस्त्रांना दिले जाते. एक, सुमारे पंधराव्या ते सतराव्या शतकांतील दोन्ही हातांनी चालवायची लांब तलवार; दुसरी, सतराव्या शतकापासून रूढ झालेली, जाळीदार परजेची (मुठीवर हात झाकणाऱ्या कवचाची) एकहाती तलवार. ‘क्लाइव्ह मोर’ (मोठी तलवार) हा हायलंड्सच्या गेलिक भाषेतील मूळ शब्द.

‘मोठी’ हे विशेषण दोघींनाही लागू पडते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. १९११ च्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाने जाळीदार तलवारीला क्लेमोर म्हणणे चूक ठरवले. वेल्श प्रवासलेखक टॉमस पेनंट याने १७७२ च्या प्रवासवर्णनात दोनहाती तलवारीलाच हे नाव दिले आहे. मात्र लगेच पुढच्या वर्षी स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीझ बेटांवर गेलेला स्कॉटिश लेखक जेम्स बॉझवेल लिहितो, की हल्ली क्लेमोर म्हणतात ती तलवार जुन्या काळच्या तलवारीपेक्षा बरीच लहान आहे. म्हणजे एकाच पिढीत दोन्ही अर्थ चालत होते. गेलिकमध्ये दोनहाती तलवारीला ‘दोन हातांची तलवार’ असे वेगळे नाव आहे. त्यामुळे अठराव्या शतकातील बारीक, टोचण्याच्या तलवारीशी तुलना करून रुंद पात्याच्या जाळीदार तलवारीला ‘मोठी’ म्हटले गेले असावे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

दोनहाती क्लेमोर सुमारे १४० सेंमी. लांब व अडीच किग्रॅ.च्या आसपास वजनाची असे. तिची खूण म्हणजे मुठीखालचा आडवा दांडा. त्याच्या दोन्ही भुजा पात्याकडे उतरत्या असून टोकांना चार कड्यांची पाकळीवजा नक्षी असते. हा उतरता दांडा त्याआधीच्या एकहाती व दीडहाती तलवारींवरही होता. स्कॉटलंडचा पश्चिम किनारा व त्यालगतचे आयोना बेट येथील थडग्यांच्या शिळांवर तो कोरलेला आहे. हार्लॉच्या लढाईत (१४११) पडलेल्या गिल्बर्ट द ग्रीनलॉ याच्या किंकेल येथील शिळेवरही तो दिसतो, आणि तिचा काळ निश्चित असल्याने तिला विशेष महत्त्व आहे. स्टर्लिंगजवळील स्मारकात ठेवलेली ‘वॉलेसची तलवार’ स्कॉटिश स्वातंत्र्यवीर विल्यम वॉलेसची (मृत्यू १३०५) असल्याचे परंपरा सांगते. स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याच्या हिशेबात १५०५ साली तिची मूठ रेशमी दोरीने बांधल्याचा खर्च आढळतो. पण आजची तलवार निरनिराळ्या तुकड्यांची जोडलेली असून ती इतकी जुनी नसावी, असे बहुतेक जाणकार मानतात.

जाळीदार परजेचा उगम व्हेनिसच्या स्क्याव्होना तलवारीत शोधण्याचा प्रघात पूर्वी होता. १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रज युद्धनौकेच्या अवशेषांत अशा परजेची तलवार सापडल्यापासून तो मागे पडला. स्कॉटिश घडण मात्र स्वतंत्र आहे. सपाट पट्ट्यांच्या जाळीत चौकोनी पत्रे बसवलेले असतात आणि त्यांत बदाम व वर्तुळे कोरून आरपार भोके पाडलेली असतात. आतून चामडे व बहुधा लाल कापड, मुठीवर माशाचे खरखरीत कातडे आणि त्यावर तारेचे वेढे. हाताची बोटे पूर्ण झाकली जात, त्यामुळे लोखंडी हातमोजाची गरज उरत नसे. ग्लासगो व स्टर्लिंग येथील कारागीर यात अग्रेसर होते. स्टर्लिंगच्या वॉल्टर ॲलनच्या काही परजांवर त्याची आद्याक्षरे व त्यांखाली गावाचा ‘एस’ कोरलेला आढळतो.

पाती मात्र बहुतांशी बाहेरची, मुख्यतः जर्मनीतील झोलिंगेनची. त्यांपैकी अनेकांवर ‘आंद्रेआ फेरारा’ हे नाव असते, पण एका पात्यावरचे वर्णलेखन दुसऱ्याशी जुळेलच असे नाही. उत्तर इटलीतील बेल्लूनो येथे सोळाव्या शतकात या नावाचा पातेकार होता. तो स्कॉटलंडला पळून आला ही दंतकथा दिसते. नामांकित कारागिराचे नाव झोलिंगेनच्या कारखानदारांनी प्रतीची खूण म्हणून उचलले असावे. याच नावाची पाती भारतातही येत. मराठ्यांच्या फिरंग तलवारीचे गणित तेच होते : पाते परदेशी, मूठ इथली.

लढताना डाव्या हातात चामड्याने मढवलेली गोल ढाल व बहुधा त्याच मुठीत खंजीर धरला जाई. कलोडनच्या लढाईत (१६ एप्रिल १७४६) ब्रिटिश राजसत्तेविरुद्ध उठलेल्या जॅकोबाइट बंडखोरांचा पराभव झाल्यावर निःशस्त्रीकरणाच्या कायद्याने घरोघरची शस्त्रे गेली. ब्रिटिश सैन्यातील हायलंड पलटणींत मात्र ही तलवार टिकली. आसईच्या लढाईत (१८०३) शिंदे व भोसले यांच्या फौजांसमोर उभ्या राहिलेल्या ७४ व्या आणि ७८ व्या पलटणी याच परंपरेतल्या. १८२८ मध्ये अधिकाऱ्यांसाठी ठरलेला नमुना आजही समारंभात वापरला जातो. त्याची मूठ सोडवता येते, आणि काही प्रसंगी जाळी काढून साधा आडवा दांडा बसवतात.