किनारारेषांचे मानचित्रण

समुद्र व जमीन यांमधील सीमा नकाशावर निश्चित करण्याची आणि ती बदलत गेल्यास नव्याने रेखण्याची पद्धत. भरती-ओहोटीने ही सीमा रोज सरकते, धूप व गाळ यांमुळे वर्षानुवर्षे सरकते. नकाशावर मात्र एकच रेघ ओढावी लागते. ती पाण्याच्या कोणत्या पातळीची मानायची, याविषयीच या क्षेत्रातील बहुतेक मतभेद आहेत.

आधारपातळी : स्थलनिर्देशक नकाशांत किनारारेषा म्हणून साधारणतः भरतीची उच्चजलरेषा घेतात, तर उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. सागरी नकाशांतील खोली याहून खालच्या पातळीपासून धरतात, कारण नकाशात दिली आहे त्याहून कमी पाणी जहाजाखाली सहसा असू नये. भारतीय बंदरांसाठी ही पातळी जॉर्ज डार्विन (१८४५–१९१२) यांनी सुचविली. सरासरी समुद्रसपाटीतून भरतीच्या चार प्रमुख घटकांच्या (चंद्राचा एक व सूर्याचा एक अर्धदैनिक आणि दोन दैनिक) परमप्रसरांची, म्हणजे सरासरीपासून वर वा खाली जाण्याच्या कमाल मापांची बेरीज वजा केली की ती मिळते. ही उधाणातील ओहोटीची पातळी असली, तरी पाणी कधीकधी तिच्याही खाली जाते. म्हणून सुमारे १८.६ वर्षांच्या चांद्रचक्रातील नीचतम खगोलीय ओहोटी आता आंतरराष्ट्रीय स्तरावर अधिक ग्राह्य मानली जाते. मुंबईत अपोलो बंदराजवळ सरासरी समुद्रसपाटी सागरी नकाशाच्या शून्यापेक्षा सुमारे २.५ मी. वर आहे. शंभरास एक उताराच्या पुळणीवर एवढ्या फरकाने रेघ २५० मी. सरकते, उभ्या कातळकड्यावर ती जवळजवळ हलत नाही. उच्च व नीच जलरेषांमधला, ओहोटीला उघडा पडणारा पट्टा ब्रिटिश ॲडमिरल्टीच्या (नौदल खात्याच्या) सागरी नकाशांत हिरवट रंगाने दाखवितात.

सर्वेक्षण : अठराव्या शतकातील सर्वेक्षक बहुधा जहाजावरूनच डोंगर, किल्ले, देवळे यांची दिशा घेत, शिशाच्या ओळंब्याने खोली मोजीत आणि मधला किनारा नजरेने रेखाटीत. जॉन मॅक्लूअर यांनी साधारणतः १७८७ ते १७९० या काळात केलेले भारताच्या पश्चिम किनाऱ्याचे सर्वेक्षण याच प्रकारचे होते. अशा नकाशांवर आजची रेघ ठेवून धुपेचा वेग काढण्याचे प्रयत्न होतात, पण त्यांतून निघणारा फरक पुष्कळदा किनाऱ्याचा नसून जुन्या मापनाचा असतो. त्रिकोणीय सर्वेक्षणाला (त्रिकोणांच्या जाळ्याने बिंदूंची स्थाने ठरविणाऱ्या मोजणीला) जोडलेले, फलक मांडून जमिनीवरून काढलेले पुढचे नकाशे पुरावा म्हणून अधिक विश्वासार्ह होत.

हवाई छायाचित्रे व उपग्रह प्रतिमा यांत वेगळी अडचण येते. प्रतिमा एका क्षणाची असते आणि त्या क्षणी भरती कुठवर होती, हे प्रतिमेवरून कळत नाही. म्हणून भरतीमापकाच्या नोंदीशी वेळ जुळवून छायाचित्रे घेतात, किंवा ओल्या-कोरड्या वाळूची सीमा हीच रेघ मानतात. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेच्या ३० मी. चित्रपेशीतून वर्षाला अर्धा मीटर धूप ओळखायची, तर दशकांची मालिका लागते. राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने (चेन्नई) १९९० ते २०१८ या काळातील प्रतिमांवरून भारतीय मुख्यभूमीचा सुमारे ३३.६ टक्के किनारा धुपतो, २६.९ टक्के वाढतो व उरलेला स्थिर आहे, असे दाखविले.

लांबी : मोजपट्टी जितकी लहान तितका किनारा लांब भरतो, हे लुइस फ्राय रिचर्ड्‌सन यांनी दाखवून दिले, १९६७ मध्ये बन्वा मांडेलब्रॉ यांनी त्याला गणिती रूप दिले. भारताचा किनारा अनेक दशके ७,५१६.६ किमी. मानला जाई, अलीकडच्या फेरमोजणीत तो ११,०९८.८१ किमी. भरला. महाराष्ट्राचा आकडा ६५२.६ वरून ८७७.९७ किमी. झाला. ही वाढ भूभागाची नव्हे. नवे मोजमाप १ : २,५०,००० प्रमाणावर, २०११ ची उच्चजलरेषा धरून केले असून खाड्यांची वळणे त्यात आली.

कायदेशीर बाजू : सागरी कायद्याच्या १९८२ च्या करारानुसार सागरी हद्द ज्या आधाररेषेपासून मोजतात, ती म्हणजे सर्वसाधारणपणे किनारी राष्ट्राने मान्य केलेल्या मोठ्या प्रमाणाच्या नकाशांतील नीचजलरेषा. त्यामुळे नकाशा जुना झाला, तरी कायद्यात तोच चालतो. हरिभंगा नदीच्या मुखाशी १९७० च्या चक्रीवादळानंतर वर आलेले न्यू मूर बेट (बांगलादेशात दक्षिण तालपट्टी) भारत व बांगलादेश या दोघांनीही आपले म्हटले. २०१० मध्ये ते बुडाल्याचे जाहीर झाले. या दोन देशांमधील सागरी सीमेच्या वादात आंतरराष्ट्रीय लवादाने २०१४ मध्ये सीमा ठरविताना फाळणीच्या वेळच्या, १९४७ च्या रॅडक्लिफ निवाड्यातील वर्णन लावले आणि त्यासाठी १९३१ च्या ॲडमिरल्टी नकाशाचा आधार घेतला. म्हणजे बेट उगवण्यापूर्वीचा नकाशा निर्णायक ठरला. समुद्र वाढत असताना आधाररेषा गोठवाव्यात, अशी भूमिका पॅसिफिक बेट-राष्ट्रांच्या मंचाने २०२१ मध्ये घेतली.

कोकणात रेषा कुठे धरायची हा प्रश्न खाजणांत (खाडीकाठच्या खाऱ्या, बांध घातलेल्या जमिनींत) उद्भवतो. भारताच्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार (प्रथम १९ फेब्रुवारी १९९१) उधाणातील सर्वोच्च भरतीची रेषा हा निर्बंधांचा आधार आहे. मात्र त्या तारखेपूर्वी बांधलेला बांध वा उघाडी (बांधातील पाण्याचे दार) असल्यास ही रेषा तिथेच थांबते, असे २०१९ ची अधिसूचना सांगते. बांधापलीकडे खारे पाणी शिरून कांदळवन उगवले असेल, तर तो भाग रेषेबाहेर असूनही संरक्षित धरला जातो.